पाणी अडवू म्हणता, तर टीएमसी सांगा

पाकिस्तानचं पाणी तोडा, ही मागणी आता इतकी सवयीची झाली आहे की ती करणाऱ्याला कुणी पुढचा प्रश्नच विचारत नाही. म्हणून तो इथे विचारतो. किती टीएमसी? कुठल्या धरणात? किती दिवस?

राग समजतो. 22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये 26 माणसं मारली गेली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली होती, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. दुसऱ्याच दिवशी भारताने 1960 चा सिंधू जलकरार स्थगित ठेवला. त्या हत्याकांडाला उत्तर द्यायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण राग खरा आहे म्हणून रागाच्या भरात मांडलेला हिशेबही खरा ठरत नाही. आणि नदीचा हिशेब चुकला की तो फेडायला काठावरचा माणूस पुढे येतो, भाषण करणारा येत नाही.

तर हिशेब करू. सिंधू, झेलम आणि चिनाब या तीन पश्चिम नद्यांतून वर्षाला साधारण साडेतेरा कोटी एकर-फूट पाणी वाहतं. आपल्या ओळखीच्या मापात सुमारे 5,900 टीएमसी. कोयनेचा पूर्ण साठा 105 टीएमसी. म्हणजे वर्षभराचं हे पाणी अडवायला 56 कोयना लागतील. त्याही भूकंपप्रवण हिमालयात, अरुंद दऱ्यांमध्ये. अशी धरणं कुठे आहेत? कागदावरही नाहीत.

जी आहेत त्यांतलं एक पाहा. चिनाबवर रामबन जिल्ह्यात बगलिहार धरण आहे, उंची सुमारे 143 मीटर. त्याचं नाव निघालं की पलीकडे धडकी भरते आणि अलीकडे छाती फुगते. वीज बनवताना पातळी वरखाली करून वापरता येतो तो त्याचा साठा फक्त 32.56 दशलक्ष घनमीटर, म्हणजे सव्वा टीएमसीसुद्धा नाही. पुण्याच्या खडकवासल्यात याहून जास्त पाणी मावतं. हिवाळ्यात चिनाब रोडावते, तेव्हा पाच हजार क्युसेकचा प्रवाह धरला तरी हा साठा तीन दिवसांच्या आत काठोकाठ भरतो. चौथ्या दिवशी दरवाजे उघडावेच लागतात. धावत्या पाण्यावरचा वीजप्रकल्प म्हणतात तो हाच. नदी टर्बाइनमधून जाते आणि पुढे वाहत राहते.

मग पाकिस्तान उगाच बोंबलतो का? तसंही नाही. पाकिस्तानी पंजाबातल्या कालव्यांना चिनाबचं पाणी मराला इथल्या बंधाऱ्यावरून मिळतं. गव्हाच्या पेरणीच्या ऐन दिवसांत तीन दिवस कालवा कोरडा राहिला तर शेतकऱ्याला ते तीन दिवस कुणी परत देत नाही. उलट पावसाळ्यात वरून सांगितल्याशिवाय दरवाजे उघडले तर खालच्या गावांना पळायला वेळ मिळत नाही. अशा धरणांवरचा तंटा वर्षाच्या एकूण पाण्यापेक्षा वेळेचा आहे, आणि वेळ कुणाच्या हातात राहणार हे दरवाजे किती उंचीवर बसवले यावरून ठरतं. सरहद्दीवरच्या नद्यांचं राजकारण कितीही मोठं वाटलं तरी त्याचा जीव या लोखंडी दरवाज्यांत आहे. टीव्हीवरच्या चर्चांत तास तास जातात आणि दरवाज्याच्या उंचीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही, याची मला खरोखर चीड येते.

सलालची गोष्ट म्हणूनच सांगायला हवी.

रियासीजवळ चिनाबवरच सलाल धरण बांधायचं ठरलं. पाकिस्तानने हरकत घेतली. सांडव्याचे दरवाजे फार उंच, तळाशी मोऱ्या, यातून भारत हवं तेव्हा पाणी अडवेल आणि हवं तेव्हा सोडेल, ही तक्रार. अनेक वर्षं घोळ चालला. शेवटी 14 एप्रिल 1978 ला दिल्लीत परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी आणि पाकिस्तानचे आगा शाही यांनी समझोत्यावर सही केली. दरवाज्यांची उंची 40 फुटांवरून 30 फुटांवर आली. तळाच्या मोऱ्या काँक्रीटने बुजवण्यात आल्या. तिसऱ्या कुणाला न बोलावता दोघांनी आपसात मिटवलेलं भांडण म्हणून याचं कौतुक झालं, आणि राजनयाच्या अंगाने ते कौतुक योग्यच होतं.

पण नदीला कुणी विचारलं नव्हतं. चिनाब ही हिमालयातली नदी. ती पाण्याबरोबर डोंगरही वाहून आणते. तळाच्या त्या मोऱ्या कुणाचा गळा आवळायला ठेवलेल्या नव्हत्या, गाळ पुढे ढकलायला ठेवलेल्या होत्या. त्या बुजल्या आणि काही वर्षांतच सलालचा जलाशय गाळाने जवळजवळ सांडव्याच्या पातळीपर्यंत भरला. 690 मेगावॅटचा प्रकल्प, आणि त्याचं तळं म्हणजे वाळू-मातीचं मैदान. पाणी साठवायची जागाच गेली. गाळाने टर्बाइनची पाती झिजतात, दुरुस्तीला यंत्रं थांबतात, वीज बुडते.

हा तोटा एकट्या भारताचा नाही. गाळ दरवर्षी पावसाळ्याच्या पाण्यात थोडा थोडा गेला असता तर तो खालच्या नदीत नेहमीसारखा मिसळला असता. तो दशकानुदशकं साठत गेला. करार स्थगित झाल्यावर मे 2025 मध्ये सलाल आणि बगलिहार इथे गाळ धुऊन काढल्याच्या बातम्या आल्या, आणि हे पलीकडे न कळवता झाल्याचंही त्यांत होतं. म्हणजे 1978 मध्ये जे टाळायचं म्हणून मोऱ्या बुजवल्या, नेमकं तेच, न सांगता सोडलेलं गढूळ पाणी, 47 वर्षांनी खाली गेलं. दोन परराष्ट्र खात्यांचं समाधान झालं आणि धरण आतून मेलं, असा हा समझोता. दोन देशांतला धरणाचा तंटा मिटला की नाही हे सहीच्या दिवशी कळत नाही. वीस वर्षांनी जलाशयाचा तळ किती वर आला ते मोजलं की कळतं.

बगलिहारवर हाच आक्षेप पुन्हा आला, पण या वेळी वाट वेगळी घेतली गेली. करारात तशी सोय होती. दोन्ही देशांच्या आयुक्तांच्या स्थायी सिंधू आयोगात प्रश्न सुटला नाही तर तांत्रिक मतभेद तटस्थ तज्ज्ञाकडे न्यायचा, आणि कायदेशीर वाद लवादाकडे. 2005 च्या जानेवारीत पाकिस्तान जागतिक बँकेकडे गेला. मे महिन्यात बँकेने रेमंड लाफित या स्विस अभियंत्याची नेमणूक केली. त्यांनी दोन्ही बाजूंची कागदपत्रं वाचली, धरणाची जागा पाहिली, दोन्हीकडच्या अभियंत्यांना समोर बसवून आकडे तपासले आणि 12 फेब्रुवारी 2007 ला निर्णय दिला.

तो निर्णय मला आजही वाचनीय वाटतो. कारण त्यात कुणाचा मान राखण्याचा प्रयत्न नाही, मोजमाप आहे. पाकिस्तान म्हणत होता, सांडव्याला दरवाजेच नकोत. लाफित म्हणाले, हवेत. इथे सेकंदाला 16,500 घनमीटर पूर येऊ शकतो, आणि गाळही प्रचंड आहे. 1960 नंतर धरणशास्त्र गाळाबद्दल जे शिकलं ते वापरणं म्हणजे करार मोडणं नव्हे. हा मुद्दा भारताच्या बाजूने गेला. पण भारताने मागितलेला 37.5 दशलक्ष घनमीटर साठा गरजेपेक्षा जास्त आहे, असंही त्यांनी ठरवलं. तो 32.56 वर आणला. पाणी आत घेणारं तोंड तीन मीटर वर न्यायला लावलं. धरणाचा माथा दीड मीटर कमी करायला लावला. हे मुद्दे पाकिस्तानच्या बाजूने गेले. दोन्ही सरकारांनी आपापल्या राजधानीत आपण जिंकल्याचं जाहीर केलं. जाहीर करू द्या. धरणाचा वाद याहून चांगला मिटत नसतो.

पुढचा भाग कमी लोकांना ठाऊक आहे. 2008 च्या पावसाळ्यात बगलिहारचा जलाशय पहिल्यांदा भरला. भरताना मरालापाशी प्रवाह 55,000 क्युसेकच्या खाली जाता कामा नये, अशी अट होती. ती पाळली नाही, अशी पाकिस्तानची तक्रार होती. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांत बोलणी बंद होती, पण सिंधू आयोग चालू होता. 2010 मध्ये हा वाद आयोगाच्या टेबलावरच मिटला. 26 नोव्हेंबरच्या जखमा ताज्या असताना दोन आयुक्त क्युसेकचे तक्ते घेऊन समोरासमोर बसू शकले. यात कुणाचा कमकुवतपणा होता असं मला वाटत नाही. ज्या कामात आकडे आहेत ते काम रागाच्या वेळीही चालू ठेवता येतं, आणि चालू ठेवावं.

किशनगंगेने मात्र गोची केली. गुरेझ खोऱ्यात 37 मीटरचं धरण, तिथून डोंगराखालून बोगदा, आणि पाणी झेलमच्या दुसऱ्या उपनदीत. 330 मेगावॅट. पलीकडे याच नदीवर, तिचं तिकडचं नाव नीलम, पाकिस्तानचा 969 मेगावॅटचा प्रकल्प. 2010 मध्ये पाकिस्तान लवादाकडे गेला. 2013 च्या फेब्रुवारीत लवादाने भारताला पाणी वळवायचा हक्क मान्य केला, आणि डिसेंबरात सेकंदाला किमान 9 घनमीटर पाणी मूळ पात्रात सोडण्याची अट घातली. नदी वाहती राहिली पाहिजे, ही भूमिका 1960 च्या करारात जवळपास नव्हती. लवादाने ती पर्यावरणाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातून आणली, आणि मला ती पूर्ण पटते.

पण त्याच लवादाने पातळी खूप खाली आणून गाळ धुण्याला बंदी घातली. बगलिहारचा निकाल बगलिहारपुरता, असं म्हटलं. एका करारातून सहा वर्षांत दोन उत्तरं निघाली. अभियंता म्हणतो गाळ काढायची सोय ठेवा, न्यायमंडळ म्हणतं ती वापरू नका. आता पुढचं धरण बांधणाऱ्याने काय करावं?

2016 मध्ये हीच गाठ आणखी आवळली गेली. किशनगंगा आणि चिनाबवरचा 850 मेगावॅटचा रतले, या दोन्हींवर भारताने तटस्थ तज्ज्ञ मागितला आणि पाकिस्तानने लवाद. जागतिक बँकेने डिसेंबर 2016 मध्ये दोन्ही प्रक्रिया थांबवल्या आणि 2022 मध्ये दोन्ही एकदम सुरू केल्या. एकाच वादावर दोन न्यायपीठं. भारत तज्ज्ञासमोर गेला, लवादावर बहिष्कार घातला. 2025 च्या ऑगस्टमध्ये लवादाने करार कसा वाचावा यावर निकाल दिला. भारताने तो फेटाळला.

या मुद्द्यावर मी भारताच्या बाजूने आहे. जानेवारी 2023 मध्ये भारताने करार दुरुस्त करण्याची नोटीस दिली, त्यातला वाद सोडवण्याच्या पायऱ्यांचा मुद्दा रास्त होता. आधी आयोग, मग तज्ज्ञ, मग लवाद, हा क्रम आणि प्रत्येक पायरीला मुदत, एवढी साधी गोष्ट करारात स्वच्छ लिहिलेली नाही. तक्रारदाराला हवं ते दार ठोठावता येतं. जागतिक बँकेने सहा वर्षं हातावर हात ठेवले, त्यालाही माफी नाही.

मात्र दुरुस्ती मागणं वेगळं आणि टेबल उलथवणं वेगळं. स्थगितीने आपल्याला काय मिळालं ते मोजू. आयुक्तांच्या बैठका नाहीत, आकड्यांची देवाणघेवाण नाही, पाहणी दौरे नाहीत. सावलकोटसारख्या 1,856 मेगावॅटच्या प्रकल्पाला आणि तुलबुलला पुन्हा गती द्यायची भाषा झाली. ते बांधाच, बरंचसं करारात राहूनही बांधता आलं असतं. करारानेच भारताला पश्चिम नद्यांवर 36 लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे 157 टीएमसी पाणी साठवायची मुभा दिली आहे. 65 वर्षांत आपण त्यातला किरकोळ भागच वापरला. पूर्वेच्या तीन नद्यांवर तर आपला पूर्ण हक्क. त्यांतल्या रावीचं पाणी अडवणारं शाहपूर कंडी धरण दोन राज्यांमधल्या 1979 च्या करारात ठरलं आणि 2024 मध्ये भरायला लागलं. मधली वर्षं पाकिस्तानने खाल्ली नाहीत. पैशाची चणचण आणि पंजाब विरुद्ध जम्मू-काश्मीर हे भांडण यांनी खाल्ली. ज्या पाण्यावर कुणाचा वाद नव्हता ते आपण 45 वर्षं खाली जाऊ दिलं. पाणी तोडा म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी या विलंबाचा जाब विचारला?

आता तोंड पूर्वेला वळवा.

तिबेटमध्ये यारलुंग त्सांगपो, म्हणजे आपली ब्रह्मपुत्रा, अरुणाचलात शिरण्याआधी एक प्रचंड वळण घेते. जुलै 2025 मध्ये चीनचे पंतप्रधान ली छ्यांग यांनी तिथल्या महाकाय जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केलं. क्षमता 60,000 मेगावॅट सांगितली जाते. बगलिहारचा पहिला टप्पा 450 मेगावॅटचा होता, यावरून अंदाज घ्या. तिथे वरचा चीन आणि खालचे आपण. मरालाच्या शेतकऱ्याला जी भीती चिनाबबद्दल वाटते तीच अरुणाचलातल्या पासीघाटच्या माणसाला सियांगबद्दल, म्हणजे याच ब्रह्मपुत्रेबद्दल, वाटते. वरून पाणी किती सुटणार, कधी सुटणार, आणि आम्हाला कोण सांगणार?

सध्या कुणी सांगत नाही. पावसाळ्यातले प्रवाहाचे आकडे चीनने द्यावेत असा समझोता 2002 मध्ये झाला आणि दर पाच-सहा वर्षांनी वाढवला गेला. 2017 मध्ये डोकलामच्या तणावात चीनने आकडे दिले नाहीत. 2023 मध्ये समझोत्याची मुदतच संपली. चीनशी आपला जलकरार नाही, आयोग नाही, तटस्थ तज्ज्ञ नाही, लवाद नाही. आपण ओरडू शकतो, एवढंच.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा आधार घ्यावा, तर तोही पातळ. सामायिक नद्यांच्या वापराचा करारनामा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 21 मे 1997 ला मंजूर झाला. 103 देश बाजूने, तीन विरोधात. त्या तिघांत चीन होता. भारत तटस्थ राहिला आणि पुढेही त्यात सामील झाला नाही. पाकिस्तानही तटस्थच होता. वरच्या देशाने खालच्याला मोठी इजा करू नये, आधी कळवावं, आकडे द्यावेत, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. ब्रह्मपुत्रेसाठी आपल्याला यातला शब्द न् शब्द हवा आहे, आणि आपण सही केलेली नाही.

सिंधूच्या स्थगितीबद्दल माझा मुख्य आक्षेप हा आहे. पाकिस्तानची कणव म्हणून मी तो घेत नाही. बीजिंगमध्ये बसलेला माणूस चिनाबवरचं आपलं वागणं बारकाईने पाहतो आहे. वरच्या देशाला राजकीय रागात करार बाजूला ठेवता येतो, गाळ न सांगता सोडता येतो, आकडे थांबवता येतात, हा पायंडा आपण पाडला तर तो आपल्यालाच ऐकवला जाईल. आसाम आणि अरुणाचलच्या काठावर राहणाऱ्या भारतीयांना त्याची किंमत मोजावी लागेल. दहशतवादाला उत्तर द्यायला भारताकडे इतर मार्ग आहेत, आणि ते भारताने वापरलेही.

पावसानेच या स्थगितीची परीक्षा घेतली. ऑगस्ट 2025 मध्ये जम्मूत तवीला मोठा पूर आला. तवी ही चिनाबची उपनदी. तेव्हा भारताने माणुसकीच्या भूमिकेतून पाकिस्तानला पुराचा इशारा दिला, आयोगामार्फत न देता उच्चायुक्तालयामार्फत दिला. योग्य केलं. पण बघा, करार नसतानाही निरोप द्यावाच लागला. मग तो ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या तासाला, आकड्यांसह का जाऊ नये? पूर चढत असताना दूतावासांचे फोन फिरवणं ही व्यवस्था नव्हे.

सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला हे पटवून द्यायची गरज नाही. 2005 आणि 2019 च्या महापुरात कर्नाटकातल्या अलमट्टीतून किती विसर्ग सुटतो आहे हा प्रश्न जिल्हाधिकारी कार्यालयापासून चौकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होता. अलमट्टीची उंची 519.6 मीटरवरून 524.256 मीटर करायला महाराष्ट्राचा विरोध आजही आहे. पण पावसाळ्यात दोन्ही राज्यांचे अभियंते कोयना, राजापूर बंधारा आणि अलमट्टी यांचे आकडे एकमेकांना देतात. भांडण कोर्टात आणि विसर्गाचा आकडा फोनवर, हे एकाच वेळी जमतं. तिथे ही शिस्त पुरानंतर आली, आणि तिने माणसं वाचतात.

करार नसला की काय होतं ते नाईलवर दिसलं. इथिओपियाने 2011 मध्ये धरणाचं काम सुरू केलं, 2015 मध्ये इजिप्त आणि सुदानबरोबर तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, पण भरण्याचे आणि सोडण्याचे आकडे ठरलेच नाहीत. 2020 पासून इथिओपियाने जलाशय भरायला घेतला आणि सप्टेंबर 2025 मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. 74 अब्ज घनमीटर साठा, 5,150 मेगावॅट. दुष्काळाच्या सलग वर्षांत किती पाणी सोडायचं यावर बांधील असं एक कलम आजही नाही.

घरच्या दुसऱ्या कोपऱ्याकडेही लक्ष असू द्या. फरक्का इथल्या गंगेच्या पाण्याचा बांगलादेशाबरोबरचा करार 12 डिसेंबर 1996 चा, मुदत 30 वर्षं, म्हणजे 12 डिसेंबर 2026. प्रवाह 70,000 क्युसेक किंवा त्याहून कमी असला की निम्मं निम्मं, इतकं साधं सूत्र त्यात आहे. तिथे आपण वरचे आहोत. ढाक्याला आपण काय देतो आणि कसं देतो, हेही उद्या ब्रह्मपुत्रेच्या टेबलावर मोजलं जाईल.

सिंधूचा नवा करार कधीतरी होईलच, कारण नद्या जागा बदलणार नाहीत. त्यात सलालची चूक पुन्हा होऊ नये. गाळ हा स्वतंत्र विषय हवा. प्रत्येक धरणाला गाळ धुण्याची सोय द्या, पण ती वापरायचे महिने ठरवा, आधी किती दिवस कळवायचं ते लिहा आणि खालच्या प्रवाहाची किमान पातळी बांधून घ्या. म्हणजे बगलिहारचा अभियंता आणि किशनगंगेचा लवाद दोघांचंही म्हणणं राहील. हिमनद्या आकसत आहेत, पावसाची वेळ सरकते आहे. 1960 च्या प्रवाहावर बेतलेली गणितं दर दहा वर्षांनी नव्याने मांडायचं बंधन हवं.

आणि टेबलावर माणसं वाढवा. 19 सप्टेंबर 1960 ला कराचीत नेहरू, अयुब खान आणि जागतिक बँकेचे इलिफ यांनी सह्या केल्या. ज्यांच्या दारातून नदी जाते त्या जम्मू-काश्मीरला कुणी विचारलं नाही. 2002 मध्ये तिथल्या विधानसभेने कराराच्या फेरविचाराची मागणी केली, तीही बासनात गेली. पलीकडे सिंधमध्ये कोटरी बंधाऱ्याच्या खाली सिंधूचा त्रिभुज प्रदेश गोड्या पाण्यावाचून मरतो आहे, समुद्र आत घुसतो आहे. त्या कोळ्यांचं आणि शेतकऱ्यांचं पाणी भारताने अडवलेलं नाही, ते वरच्या कालव्यांत जातं. त्यांचाही आवाज इस्लामाबादच्या शिष्टमंडळात नसतो. दोन राजधान्यांनी मिटवलेला तंटा काठावर चालूच राहतो, त्याचं कारण हे आहे.

सुरुवात मात्र आपल्याला एकट्याने करता येते, आणि त्यासाठी पाकिस्तानच्या सहीची गरज नाही. सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा या खोऱ्यांची पाण्याची आकडेवारी केंद्र सरकार गोपनीय ठेवतं. अभ्यासकांना ती मिळवायला खेटे घालावे लागतात, तुम्हाआम्हाला तर ती दिसतच नाही. उपग्रहावरून जलाशयाची पातळी मोजता येण्याच्या काळात हे गुपित शत्रूपासून राखलं जात नाही, आपल्याच नागरिकांपासून राखलं जातं. सलाल, बगलिहार, किशनगंगा, फरक्का, प्रत्येक ठिकाणचा रोजचा विसर्ग केंद्रीय जल आयोगाने रोज संकेतस्थळावर टाकावा आणि मग बीजिंगला सांगावं, आम्ही आमचे आकडे उघड केले, आता तुमचे द्या. तुमच्या खासदाराला पत्र लिहा आणि हा प्रश्न संसदेच्या पुढच्या अधिवेशनात विचारायला लावा.